रुंद समासाचं बायबल : कागद पातळ, जागा भरपूर

ज्यांना फक्त 'घेऊ की नको' एवढंच विचारायचं आहे त्यांना आधीच सांगते: घ्या. जेल पेनाशिवाय ज्यांचा हात चालत नाही त्यांनी मात्र नादी लागू नये. बाकीच्यांसाठी पुढे लिहिते, आणि ते जरा लांबणार आहे.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या समासात लिहिण्यातच माझी नोकरी गेली. पुस्तक हातात आलं की मजकुराआधी माझी नजर समासावर जाते, मग शिवणीवर, मग कागदावर. बायबलच्या बाबतीतही मी तेच करते हे घरच्यांना थोडं उद्धट वाटतं. पण बायबलही कुणीतरी जुळवलेलं, छापलेलं, बांधलेलं असतंच की. मी जन्मापासून मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. रविवारच्या शाळेत शिकले आणि पुढे तिथेच शिकवलंही. एवढं सांगितलं म्हणजे पुढची प्रश्नचिन्हं बाहेरून आलेल्या माणसाची नाहीत हे कळेल.

आता वस्तूबद्दल. प्रत्येक पानाच्या बाहेरच्या बाजूला जवळजवळ पाच सेंटिमीटर कोरी जागा, त्यात फिकट रेघा. मजकूर एकाच रकान्यात. शिवणीकडच्या बाजूला बारीक टंकात संदर्भवचनांची पट्टी. तळटीपा आहेत, पण त्या पाठभेदांपुरत्या: 'काही जुन्या हस्तलिखितांत हे वचन नाही' इतकंच. अर्थ सांगणारी टीप कुठेच नाही. हा प्रकार बऱ्याच प्रकाशकांकडे मिळतो. मी माझ्याकडच्या प्रतीबद्दल लिहिते आहे, पण कागदाची आणि शीर्षकांची तक्रार बहुतेक सगळ्यांनाच लागू पडावी.

याआधी मी अभ्यास-बायबल वापरायचे, ज्यात अर्धं पान टीपांचं असतं. टीपा वाईट नसतात. माझी अडचण अशी की प्रश्न नीट पडायच्या आत उत्तर येऊन उभं राहतं. मार्कच्या सातव्या अध्यायात सुरफुनीकी बाई मुलीसाठी मदत मागायला येते आणि येशू म्हणतो, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. कुणालाही टोचेल असं वाक्य. टोचायच्या आत खालची टीप सांगते की हे घरातल्या लाडक्या पिल्लांबद्दल होतं आणि येशू तिच्या विश्वासाची परीक्षा पाहत होता. असेलही. पण ती बाई तिथे वाद घालते आणि वाद जिंकते, हे टीप वाचून झाल्यावर पुसट होतं. इथे त्या वाक्याशेजारी नुसती कोरी जागा आहे. मी तिथे लिहिलं, 'हिने उत्तर दिलं म्हणून मुलगी बरी झाली. गप्प बसली असती तर?' पुढे काही लिहिलेलं नाही.

कागद पातळ आहे. बायबलचा कागद पातळच असतो. साधा झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी जीएसएमचा असतो, हा त्याच्या निम्म्याच्या आसपास. नाहीतर एवढा मजकूर एका पुठ्ठ्यात मावणार कसा? छपाई पाठपोट ओळीला ओळ जुळवून केलेली असल्याने वाचताना मागचं अक्षर त्रास देत नाही. लिहायला घेतलं की मात्र खोड समजते. जेल पेनाची शाई फुटते, फाउंटन पेनाचं तर नावच काढू नका, आणि हायलायटरने मागच्या पानावरचं स्तोत्र पिवळं होतं. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन चालतं. एचबी पेन्सिल सगळ्यात उत्तम. त्याहून मऊ शिसं समोरच्या पानावर उतरतं. शिवण दोऱ्याची आहे, नुसती डिंकाची नाही, त्यामुळे स्तोत्रसंहितेत उघडलं की पुस्तक सपाट पडतं. उत्पत्ती आणि प्रकटीकरण ही दोन टोकं मात्र हाताने दाबून धरावी लागतात. शिवणीकडची संदर्भांची पट्टी आत वळते आणि चष्मा असूनही वाकून पाहावं लागतं. हा मांडणी करणाऱ्याचा आळस आहे, थोडी जागा बाहेरून आत सरकवली असती तर भागलं असतं.

आमच्या कामात एक खूण असते. मजकुरात काही खटकलं, पण चूक आहे असं खात्रीने म्हणता येत नाही, तेव्हा समासात प्रश्नचिन्ह काढून त्याभोवती वर्तुळ करायचं. अर्थ असा की मी हे दुरुस्त करत नाही, लेखकाला विचारा. या बायबलात माझी सगळ्यात जास्त वापरलेली खूण तीच आहे. यहोशवाच्या सहाव्या अध्यायात यरीहोतल्या लहानमोठ्यांची कत्तल होते तिथे ती आहे. मत्तय 27:52 पाशी, म्हणजे सत्ताविसाव्या अध्यायाच्या बावन्नाव्या वचनापाशी आहे, जिथे कबरी उघडून पुष्कळ पवित्र जन उठतात आणि नंतर नगरात जाऊन लोकांना दिसतात, आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत त्याचा मागमूस नाही. योहान 11:25 पाशीही आहे. 'पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे.' आईला मूठमाती देताना पाळकसाहेबांनी हे वचन वाचलं आणि मला काहीही वाटलं नाही. ना आधार, ना राग. रविवारच्या शाळेत किती मुलांकडून पाठ करून घेतलेलं वचन! त्या रात्री वर्तुळ काढलं. ते अजून आहे, आणि मी अजून मंडळीत जाते. दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकतं हे मला कोणत्या उपदेशातून नव्हे, पानावर दोन्ही शेजारी दिसल्यामुळे पटलं.

वर्तुळं काढत गेलं की एक गोष्ट लक्षात येते, मजकुरातही ती आहेतच. स्तोत्र 88 अंधारात संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि कुणी संपादकाने ती जोडलेली नाही याचं मला व्यावसायिक कौतुक आहे. मत्तय 28:17 मध्ये पुनरुत्थित येशूला प्रत्यक्ष पाहून शिष्यांनी नमन केलं, 'पण कित्येकांना संशय वाटला'. पुढच्याच वचनांत येशू सगळ्या जगात जायची आज्ञा देतो आणि ती सगळ्यांना मिळून देतो. संशयवाल्यांनी मागे थांबा असं कुठे म्हटलेलं नाही. आणि मार्क 9:24 मधला तो बाप: 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' एका दमात दोन्ही, आणि मुलगा बरा होतो. उलट बाजूही नोंदवते, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. याकोब 1:6-7 संशय धरणाऱ्याला वाऱ्याने उसळणाऱ्या लाटेची उपमा देतो आणि त्याला प्रभूपासून काही मिळेल असं समजू नये म्हणतो. त्याच्याही शेजारी पाच सेंटिमीटर आहेत. तिथे मी फक्त 'यहूदा 22' लिहिलं, जिथे संशयात असलेल्यांवर दया करा असं सांगितलं आहे. या दोघांनी आपसात ठरवावं.

शीर्षकांबद्दल माझी खरी तक्रार आहे. ठळक टंकातली ही शीर्षकं मूळ मजकुरातली नाहीत, प्रकाशकाची आहेत. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूने. नव्या कराराचे आज वापरात असलेले वचनांचे आकडे 1551 मध्ये रॉबर्ट एस्टियेन या मुद्रकाने घातले. ते आकडे निदान गप्प बसतात. शीर्षकं बोलतात. योहान 20 वर 'संशयी थोमा' असं छापलं की पुढचं वाचायची गरजच उरत नाही. आता शीर्षकावर बोट ठेवून वाचा. इतर शिष्यांना पुनरुत्थित येशू दिसला तेव्हा थोमा तिथे नव्हता. त्यांनी जे पाहिलं तेच तो मागतो, फार तर हात लावून पाहायचं म्हणतो. आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच लोकांबरोबर आहे. म्हणजे 'मी मानणारच नाही' म्हणणाऱ्याला त्यांनी बाहेर काढलं नव्हतं आणि तोही निघून गेला नव्हता. माझ्या लेखी त्या प्रसंगातला मोठा चमत्कार हा आहे. त्याने जखमेत बोट घातलं असं तर योहान म्हणतच नाही. ते चित्रकारांनी घालायला लावलं.

प्रेषितांची कृत्ये 10 वरचं शीर्षक त्याहून वाईट: 'कर्नेल्याचा पालट'. पालट कुणाचा होतो? कर्नेल्य रोमी शताधिपती, पहिल्या वचनांतच देवभीरू आणि दानधर्म करणारा म्हणून येतो. हट्ट सोडावा लागतो पेत्राला. दृष्टान्तात अशुद्ध मानलेल्या प्राण्यांनी भरलेली चादर तीनदा खाली येते, 'खा' असा आवाज येतो, यहूदी पेत्र नाही म्हणतो, आणि अखेर कर्नेल्याच्या घरात उभा राहून कबूल करतो की कोणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवलं. पुढच्या अध्यायात यरुशलेमचे भाऊ त्याला जाब विचारतात, आणि जाब बाप्तिस्म्याचा नाही: तू त्या यहूदी नसलेल्या लोकांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास! मी ते शीर्षक पेन्सिलीने खोडून 'पेत्राचा पालट' केलं आहे. छापील बायबलात खाडाखोड केल्याबद्दल कुणाला वाईट वाटलं तर माझा इलाज नाही. शीर्षक शास्त्र नव्हे.

येशूचे शब्द लाल शाईत छापलेली आवृत्तीही मिळते. ही कल्पना लुई क्लॉप्श या अमेरिकन संपादकाची, असा पहिला नवा करार 1899 चा. मी काळीच घेतली. लाल बारीक टंक डोळ्याला जड जातो, शिवाय ग्रीकमध्ये अवतरणचिन्हं नव्हती, त्यामुळे योहान 3 मध्ये येशूचं बोलणं कुठे संपतं यावर जाणकारांचंच एकमत नाही. मुद्रकाने ते शाईने ठरवून टाकू नये.

आता भाच्याबद्दल. प्रत नवी होती तेव्हा त्याने ती काही महिने मागून नेली. तो मंडळी सोडून बरीच वर्षं झाली. जोडीदाराबरोबर राहतो, जोडीदार पुरुष आहे, दोघेही माझ्याकडे येतात. मी त्याला एकच अट घातली, पेन्सिल वापर. "आत्या, मी विश्वास ठेवत नाही, मग समासात लिहायचा हक्क मला आहे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मुद्रितशोधकाला पुस्तक आवडलंच पाहिजे असं कुठे असतं?

प्रत परत आली ती भरून. त्याचं अक्षर तिरकं, माझं उभं, त्यामुळे कोण बोलतंय ते लगेच कळतं. बऱ्याच ठिकाणी नुसता वैताग होता. पण प्रेषितांची कृत्ये 8 पाशी त्याने एक ओळ दोनदा अधोरेखित केली होती. कूशी देशाचा षंढ अधिकारी रथात बसून यशया वाचतो आहे, फिलिप्प त्याला समजावतो, वाटेत पाणी लागतं आणि षंढ विचारतो, "मला बाप्तिस्मा घेण्यास काय अडचण आहे?" भाच्याने शेजारी लिहिलं होतं, 'यादी देऊ का?'

यादी शास्त्रातच आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकातलं 23:1 अशा पुरुषाला देवाच्या मंडळीत येऊ देत नाही. संदर्भांच्या पट्टीने इथे चांगलं काम केलं आहे, ती तिथून यशया 56 कडे पाठवते, जिथे देव षंढांना आपल्या घरात मुलामुलींपेक्षा उत्तम नाव द्यायचं वचन देतो. म्हणजे हे पुस्तक स्वतःशीच वाद घालतं. पण मला थांबवलं ते आकड्यांनी. 36 नंतर थेट 38. सदतीस गायब! मुद्रितशोधकाला हे आधी दिसतं. तळटीप पाहिली. जुन्या भाषांतरांत 37 व्या वचनात फिलिप्प अट घालतो, तू पूर्ण मनाने विश्वास धरलास तर चालेल, आणि षंढ कबुली देतो. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे वचन नाही. इरॅस्मस या डच विद्वानाने 1516 मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्याच्या मुख्य हस्तलिखितातही ते नव्हतं. दुसऱ्या एका हस्तलिखितात समासात लिहिलेलं मिळालं आणि नकलकाराच्या हयगयीने सुटलं असावं असं समजून त्याने ते मजकुरात घेतलं. समासातली अट ओळीत आली आणि शतकानुशतकं वाचली गेली. ती काढली की काय उरतं? प्रश्न विचारला जातो, फिलिप्प शब्दाने उत्तर देत नाही, रथ थांबतो आणि दोघे पाण्यात उतरतात.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं आहे. पण तुमच्या मंडळीत अजून सदतीसावं वचन चालू आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या एका पाळकांचं म्हणणं असं की प्रेम करा, पण मान्य करू नका. समलिंगी संबंधांना दोष देणारी रोमकरांस 1:26-27 ची पानं मी टाळलेली नाहीत. तिथे दोन्ही अक्षरांत लिहिलेलं आहे, खोडलेलंही आहे आणि जागा संपली आहे. रोमकरांस 14 अधिक उपयोगी ठरलं. तिथे पौल म्हणतो, विश्वासात दुर्बळ आहे त्याला जवळ करा. गंमत अशी की प्रत्येक बाजूला दुर्बळ समोरचाच वाटतो. पाळकांना भाचा, भाच्याला पाळक, मला आलटून पालटून दोघे. पौल मात्र निकाल पुढे ढकलतो आणि 15:7 ला सांगतो की ख्रिस्ताने तुमचा स्वीकार केला तसा एकमेकांचा करा. भाचा आणि त्याचा जोडीदार माझ्या घरी येतात ते एवढ्या आधारावर. बाकीचा निकाल लागेल तेव्हा लागेल.

योहान 14:6 चं पान सगळ्यात मळलेलं आहे. 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.' ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण मुसलमान, नमाज चुकवत नाही, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सचोटीची. लूकचे पहिले दोन अध्याय तिने या प्रतीत वाचले आणि मरियेच्या गोष्टीत तिला परकं काही वाटलं नाही. कुराणात मरियमच्या नावाची सूरा आहे आणि नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे, हे तिच्याकडूनच कळलं. मग तिने सरळ विचारलं, "तुमच्या हिशेबात मी कुठे बसते गं?"

छापील संदर्भ इथे कमी पडले. पट्टी योहान 14:6 वरून प्रेषितांची कृत्ये 4:12 कडे नेते, तिथून 1 तीमथ्य 2:5 कडे, आणि सगळे एकच गोष्ट सांगतात. मी हाताने भर घातली: मत्तय 8:11, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ जण येऊन पंक्तीला बसतील. मत्तय 25, जिथे निवाड्याच्या दिवशी भुकेल्याला खायला दिलं का एवढंच विचारलं जातं आणि ज्यांनी दिलं त्यांनाच आश्चर्य वाटतं. प्रेषितांची कृत्ये 10:34, जिथे पेत्र म्हणतो की देव पक्षपाती नाही. त्याखाली एक तारीख, 28 ऑक्टोबर 1965. त्या दिवशी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत इतर धर्मांविषयीची घोषणा 2221 विरुद्ध 88 मतांनी संमत झाली. मी कॅथलिक नाही, पण त्यातला एक परिच्छेद मला फार प्रामाणिक वाटतो. या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं तो म्हणतो आणि लगेच योहान 14:6 चाही हवाला देतो. दोन्ही शेजारी ठेवतो, एकाला दुसऱ्याने खोडत नाही.

मी मैत्रिणीला म्हटलं, मला माहीत नाही, आणि ठरवणारी मी नाही याचं मला बरं वाटतं. ती म्हणाली, "म्हणजे प्रूफ अजून लेखकाकडून परत यायचं आहे." तिच्याही धंद्यातलीच भाषा.

आमच्या व्यवसायाचा विषय निघालाच आहे तर पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी सिद्धांतांवरून पत्रांतून भांडत राहिल्या, सांगितलं म्हणून मानायला तयार झाल्या नाहीत. पुढे त्याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात त्याचे खिळे बायकांनी जुळवले. शंका विचारणाऱ्याचं मन बायबलात लागत नाही असं कुणी म्हटलं की मी हे सांगते.

किरकोळ गोष्टी भराभर. नकाशे फिके आणि निरुपयोगी. खुणेच्या फिती दोन, आणखी एक हवी होती. शेवटची कोरी पानं जाड आहेत, तिथे कुठलंही पेन चालतं. मोबाइलवरच्या बायबलात टिपणं शोधायला सोपी जातात हे मान्य, पण तिथे सगळ्यांचं अक्षर एकसारखं दिसतं. भाच्याचा तिरका वैताग तिथे कळला नसता.

कुणी घेऊ नये? पहिल्यांदाच बायबल उघडणाऱ्याने एकटं हे घेऊ नये. परुशी कोण, शोमरोनी लोकांशी यहूद्यांचं काय बिनसलं होतं, हे सांगणारं दुसरं पुस्तक जवळ हवं. ज्याला आज रात्री लगेच धीर हवा आहे त्यालाही कोरा समास फार ओका वाटेल. त्याने माणसाला फोन करावा. गटात वाचणाऱ्यांना मात्र मी आग्रहाने सांगेन, आणि प्रत आलटून पालटून फिरवा.

पाचपैकी चार तारे. अर्धा कागदासाठी कापला, अर्धा शीर्षकांसाठी. शीर्षकं आणि आकडे दोन्ही नसलेली वाचन-आवृत्तीही मिळते, पण तिच्यात वचन शोधताना उपासनेत हाल होतात आणि समासही अरुंद असतो. शीर्षकांविना, आकड्यांसह, रुंद समासाची प्रत कुणाला माहीत असेल तर कळवा. भाच्याला स्वतःची हवी आहे.